अकरा कोंबड्यांचा शांतता करार

३ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

आत्या गेली. गुडघ्याचं ऑपरेशन, तीन आठवडे हॉस्पिटल. जाताना कोंबड्या माझ्यावर सोपवल्या. आईवर नाही, दादावर नाही, माझ्यावर. दादा म्हणाला, घरात दुसरं कोणी रिकामं नाही म्हणून. दादाचं मन लहान आहे. पण या वहीत कोणाबद्दल वाईट लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून इथेच थांबते.

आत्याने सूचना दिल्या. रात्रीची कडी दोनदा बघायची. कोंबड्या नुसत्या डोळ्यांनी नाही, खुराड्यात हात घालून एकेक मोजायच्या. आणि संध्याकाळी सहाला, त्या आत जाईपर्यंत, मागच्या भिंतीपाशी उभं राहायचं. भिंतीवाली काही बोलली तर उत्तर द्यायचं. हे शेवटचं तीनदा सांगितलं. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून चौथ्यांदा. तिचं नुसतं ऐकून घेऊ नकोस गं, म्हणे, उत्तर दे. मी हो म्हटलं. ऑपरेशनला निघालेल्या माणसाशी वाद घालू नये.

भिंतीवाली म्हणजे मागच्या घरातली काकू. दोन्ही परसांमध्ये हनुवटीएवढी एकच भिंत. तिच्यावरून आत्या आणि ती गेली तीस वर्षं रोज संध्याकाळी भांडतात. कोंबड्यांनी रोपं उकरली, झाडाचा पाला खुराड्यावर पडला, कधीकाळी एक बादली नेली ती परत आली नाही. अर्धा तास, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मला लहानपणापासून याची लाज वाटते. एकाही मैत्रिणीला मी संध्याकाळी घरी बोलावलेलं नाही.

मी या घरातली पहिली पदवीधर. समाजशास्त्र. दुसरा वर्ग, पण पहिल्याला लागून. शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प होता ‘संघर्ष आणि समेट’. तीन आठवडे भरपूर झाले.

परसाच्या टोकाला नाला आहे आणि पलीकडे झाडी. तिथे एक कोल्हा राहतो म्हणतात. चांगलं आहे. तोही या परिसराचा रहिवासीच.

कोंबड्या : ११.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ

ऐतिहासिक दिवस.

सकाळी सहा कलमांचा करार लिहिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. दुपारी भिंतीवालीच्या पुढच्या दारी गेले. तीस वर्षांत आमच्या घरातलं कोणी तिच्या पुढच्या दारी गेलेलं नाही. तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि एकदम विचारलं, गेली का ती? मी म्हटलं, नाही, ऑपरेशन व्यवस्थित होणार आहे. मग तू कशाला आलीस, म्हणाली.

मी तिला सर्व कलमं वाचून दाखवली. महत्त्वाचं चौथं : भिंतीवरून बोलायचं नाही, काही तक्रार असेल तर ती लेखी, चिठ्ठीने, भिंतीवरच्या डब्यात टाकायची. पाचवं : हातवारेही नाहीत. ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग विचारलं, यात तुझ्या आत्याचं भलं आहे का? मी म्हटलं, सगळ्यांचं आहे. मग तिने शाईचं पॅड मागितलं आणि सहीच्या जागी अंगठा उठवला. जुन्या माणसांच्या रीती किती गोड असतात.

शब्द दिला म्हणजे दिला, असंही म्हणाली. बघू. अशा लोकांचा शब्द मला माहीत आहे.

सहा वाजता भिंतीपाशी गेले. तिकडे दार बंद. पूर्ण शांतता. इतकी, की नाल्यापलीकडे झाडीत काहीतरी हललेलंसुद्धा स्पष्ट ऐकू आलं.

५ नोव्हेंबर

शांतता. आई म्हणाली, कसंतरीच वाटतंय, घड्याळ बंद पडल्यासारखं. आईला प्रगती पचत नाही.

‘भिंतीवरची माणसं’ या नावाची पुस्तिका लिहायचं ठरवलं. रोज दोन पानं.

७ नोव्हेंबर, सकाळी ७

ठिपकी गैरहजर. नाल्याच्या बाजूला थोडी पिसं. पिसं गळण्याचा हंगाम असतो असं कुठेतरी वाचलं आहे.

भिंतीवरच्या डब्यात पहिली चिठ्ठी! उघडली तर मजकूर नाही, चित्र. टोकदार तोंड, उभे कान, मागे जाडजूड काहीतरी लोंबतंय. दहा मिनिटं बघत होते, मग लक्षात आलं. ती माझी वेणी. भिंतीवालीने माझं व्यंगचित्र काढलं आहे. नाक माझं टोकदार आहे, पण एवढं नाही.

मनाला लावून घेतलं नाही. उत्तर लिहिलं : आपली चिठ्ठी मिळाली. व्यक्तिगत टीका करारात बसत नाही. कृपया तक्रार स्पष्ट शब्दांत लिहावी. आवक-जावक रजिस्टर सुरू केलं. चित्र ‘तक्रार क्र. १’ म्हणून लावलं.

पुस्तिका : शून्य पानं. आधी अनुक्रमणिका पक्की व्हायला हवी.

८ नोव्हेंबर

आत्याचा फोन. ऑपरेशन चांगलं झालं. तिने गुडघ्याबद्दल एक वाक्य सांगितलं आणि कोंबड्यांबद्दल अकरा प्रश्न विचारले, नावं घेऊन. ठिपकी अंडं कुठे घालते हल्ली, असं विचारलं. मी म्हटलं, तिने जागा बदलली आहे. हे खोटं नाही.

मग म्हणाली, ती सटवी काय म्हणते? मी अभिमानाने सांगितलं, काही म्हणत नाही, आमच्यात समेट झाला आहे.  आत्याने बारीक आवाजात विचारलं, म्हणजे ती बोलतच नाही? आजारी आहे का?

तीस वर्षांचं वैर असं एका दुपारी मिटवलं की मागच्या पिढीला ते झोंबणारच.

११ नोव्हेंबर

मोडकी गेली (पायाचं एक बोट वाकडं, ती). या वेळी पिसं भरपूर. आता मान्य करायला हवं, हा कोल्हा आहे. सहाच्या सुमारास येतो, अजून कोंबड्या बाहेर असताना. मी त्या वेळी भिंतीपाशीच होते. पण पुस्तिकेच्या प्रस्तावनेचा विचार करत होते.

चिठ्ठी क्र. २ आणि ३. पुन्हा तेच चित्र, दुसऱ्यात वेणी आणखी जाड. तिसऱ्यात मी तोंडात काहीतरी धरलेलं. मी संध्याकाळी शेंगा खाते, त्यावर रोख असावा. किती बारीक लक्ष असतं लोकांचं! रिकामटेकडी बाई.

कोल्ह्याबाबत निर्धार : हिंसा नाही. जागेचा अभ्यास, मग शास्त्रीय उपाय. उद्यापासून खुराड्याभोवती दोन फूट खोल चर खणून जाळी पुरणार.

१२ नोव्हेंबर

चर : चार इंच. जमीन कडक आहे आणि माझं मनगट लिहिण्याचं आहे. दादा बघत उभा होता, चहा पीत. म्हणाला, कोल्ह्यासाठी खणतेयस की मुंगीसाठी? मी म्हटलं, तू मदत कर. म्हणाला, मी कुठे पदवीधर आहे. या माणसाशी माझं काय नातं आहे हे एकदा नीट तपासून बघायला हवं.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०

जुळ्या दोघी एकदम गेल्या. चार इंच चरावरून त्याने उडीसुद्धा मारली नाही, नुसता पाय टाकून आला. मी ओरडले. पण आवाज निघाला तो अगदी सभ्य निघाला. अहो, असं काहीतरी म्हणाले. कोल्ह्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काम चालू ठेवलं.

हलकट. (रहिवासी वगैरे शब्द मागे घेते.)

कोंबड्या : ७.

१५ नोव्हेंबर

माणसाच्या वासाने कोल्हा येत नाही असं वाचलं. दादाचे न धुतलेले मोजे जाळीला टांगले. दुपारी दादाने आरडाओरडा केला. मी त्याला सांगितलं, भांडण हे न शिकलेल्यांचं हत्यार आहे. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, तुला कॉलेजात घालायला तुझे बाबा तयार नव्हते. तुझी आत्या त्यांच्याशी नऊ दिवस भांडली. दहाव्या दिवशी ते म्हणाले, घाल कुठे घालायचं तिथे, पण माझं डोकं सोड.

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. पण तो विषय वेगळा आहे.

१७ नोव्हेंबर

थोरली नाही.

थोरली म्हणजे आत्याची सगळ्यात जुनी कोंबडी. अंडी घालायची कधीच बंद झाली. आत्या तिला ठेवते, का ते सांगत नाही. संध्याकाळी खुर्चीशेजारी बसवून तिच्याशी बोलते. आत्याला मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेला. आमच्या मागच्या खोलीत ती, तिची ट्रंक आणि या अकरा. आता सहा.

रडले नाही. डोळ्यात खुराड्यातला भुसा गेला होता.

१८ नोव्हेंबर, सकाळी

विचार केला. थोरलीचं एकही पीस सापडलेलं नाही. आणि आत्ता भिंतीपलीकडून क्वॉक, क्वॉक असा तिचाच घोगरा आवाज आला. अजून दोनदा ऐकला. शंका नाही.

डब्यात चिठ्ठी क्र. ९. चित्र : कोंबडी. शेजारी घर. घराला चूल, चुलीजवळ कोंबडी. चुलीजवळ!

म्हणजे हे असं आहे तर. कोल्हा कोल्हा म्हणून मी वेडी होतेय, आणि भिंतीवाली पलीकडे बसून उघड उघड चित्रं पाठवते आहे. मी हिच्यासाठी समास सोडून करार लिहिला!

दुपारी १२

करारभंगाची नोटीस पाठवली. एक पान. थोरलीचं वर्णन, कलम तीनचा (एकमेकींच्या कोंबड्यांना हात लावायचा नाही) उल्लेख, अठ्ठेचाळीस तासांची मुदत.

दुपारी ४

नोटीस परत आली. खाली अंगठा उठवलेला. म्हणजे तिने सर्व आरोप मान्य केले! एवढी निर्ढावलेली बाई मी पाहिलेली नाही. सोबत चित्र क्र. १०, पुन्हा मी, वेणीसकट.

१९ नोव्हेंबर

आत्याचा फोन. ती अजून बोलत नाही का, हाच पहिला प्रश्न. मी म्हटलं, आम्ही लेखी व्यवहार करतो. आत्या म्हणाली, कोणाशी? मी म्हटलं, भिंतीवालीशी. आत्या हसली की खोकली ते कळलं नाही. मग थोरलीला फोन ऐकव म्हणाली. मी तिच्यासारखी दिसणारी एक कोंबडी फोनपाशी नेली, ती बोलली. आत्या म्हणाली, ही थोरली नाही.

मग म्हणाली की डॉक्टर काहीही म्हणोत, ती चोवीसला येतेयच. फोन ठेवला.

उपाय हवा. पाच दिवस आहेत.

२० नोव्हेंबर

बुजगावणं केलं. दोन बांबू, वर मडकं, आणि अंगात माझा पदवीदानाचा काळा गाऊन (कॉलेजला परत करायचा राहून गेलेला). लांबून फार अधिकारी दिसतं. आई म्हणाली, त्यापेक्षा तूच उभी राहा. मी उभीच असते, म्हटलं. आई म्हणाली, तेच म्हणतेय मी.

आईच्या बोलण्याचा अर्थ लावणं सोडून दिलं आहे.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

जसं घडलं तसं लिहिते.

पाच पन्नासला बाहेर आले. बुजगावणं उभं होतं. त्याच्या गाऊनच्या घेरात, सावलीला, कोल्हा बसला होता. पुढचे पाय जोडून. वर्गात पहिल्या बाकावर बसावं तसा.

भिंतीच्या पलीकडे भिंतीवाली. तिचं डोकं आणि दोन हात दिसत होते. एक हात तोंडावर घट्ट दाबलेला, दुसऱ्याने ती वेड्यासारखी गाऊनकडे बोट दाखवत होती. डोळे बाहेर आलेले. तोंडातून शब्द नाही. मी रागाने तिच्याकडे वळले आणि तिला शांतपणे आठवण करून दिली की हातवारे हा कलम पाचचा भंग आहे.

तेवढ्यात मागून आवाज आला. राणी कोंबडी होती, कोल्ह्याच्या तोंडात.

भिंतीवालीने तोंडावरचा हात काढला. इतकंच म्हणाली, एवढं सांगतेय दोन आठवडे, काढून काढून बोटं दुखली. आणि आत गेली.

२२ नोव्हेंबर

सगळी चित्रं रजिस्टरमधून काढून टेबलावर मांडली. आईला दाखवली. आई म्हणाली, कोल्हा छान काढलाय, शेपूट अगदी हुबेहूब.

मी म्हटलं, मग तिने सरळ लिहिलं का नाही. आईने चित्रं गोळा केली. मग म्हणाली, तुझी आत्या कुठे लिहिते? त्या भिंतीवालीलाही कुठे येतं लिहायला-वाचायला. आणि मलाही, एवढं घडघड नाही येत.

आईला नोटीस दिली असती तर तिनेही अंगठाच केला असता, असं एकदम वाटलं. तो विचार पुढे नेला नाही.

प्रश्न एवढाच, की करार करताना या बाबी समोर आल्या नाहीत. पुढच्या वेळी काळजी घेईन.

२४ नोव्हेंबर

आत्या आली. चार पायांच्या काठीवर, दादाच्या खांद्यावर हात टाकून. मला पाहून हसली, तब्येत उतरली गं तुझी, म्हणाली. मग सरळ परसात. खुराड्यात हात घातला. एक, दोन, तीन, चार, पाच. हात तसाच ठेवून थांबली.  तिने वर बघितलं नाही.  शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या नाहीत, हे फार वाईट झालं.

मग करार वाचून दाखव म्हणाली. मी वाचला. माझं वाचन स्पष्ट आहे, कॉलेजातही कौतुक व्हायचं. चौथं कलम तिने दोनदा वाचायला लावलं.

पाच पन्नासला तिने भिंतीपाशी खुर्ची मागितली. बसली आणि ओरडली. मी इथे शब्द लिहीत नाही. आशय असा, की ए मुकी झालीस का, की पालाच गिळून बसलीयस, तुझ्या झाडाचा कचरा माझ्या दारात आणि मी मरायला टेकले तरी एक शब्द नाही तुझ्या तोंडून!

मागचं दार आपटलं. भिंतीवाली आली. धावत. साठीच्या पुढची बाई, धावत. आणि भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून तिने जे सुरू केलं! शब्द दिला होता म्हणून गप्प होते, म्हणे, तुझ्या या शहाणीने अंगठा घेतला माझा, वीस दिवस घसा बसलाय न बोलून, आणि ही घे तुझी म्हातारी, माझ्या चुलीजवळ हगून ठेवलंय हिने, दाणे खाऊन खाऊन लठ्ठ झालीय! आणि भिंतीवरून थोरली दिली. तिला त्या संध्याकाळी कोल्ह्याच्या समोरून उचलून नेलं होतं. बोलायची बंदी, म्हणून चित्र काढलं.

आत्याने थोरलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, उचलायला तुला परवानगी कोणी दिली गं? अर्धा तास चाललं.

नाल्यापलीकडे झाडी हलली. मी बघत होते. तो टोकाशी आला, कान वळवले, उभा राहिला, आणि आला तसा परत गेला.

आई म्हणाली, बघितलंस? मी म्हटलं, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय माझी जाळी आता जमिनीत बसू लागली असणार.

कोंबड्या : ६.

२६ नोव्हेंबर

कालही तो आला नाही. पण खुर्चीवर बसलेली आत्या भिंतीपलीकडून दिसत नाही, उभं राहायची मनाई आहे, आणि भिंतीवालीला समोरचं तोंड दिसल्याशिवाय रंग चढत नाही. म्हणून घरात ठरलं की महिनाभर आत्याच्या जागी मी. विषय आत्या देणार.

मी पूर्ण तयारी केली. मुद्दे कागदावर काढले. आजचा विषय बादली.

संध्याकाळी ६.५०

भिंतीपाशी उभी राहिले. आपल्याकडून एक बादली येणं बाकी आहे, असं सुरू केलं. भिंतीवालीने दोन वाक्यं ऐकली. मग माझ्या डोक्यावरून मागे खुर्चीकडे बघत म्हणाली, हिला कॉलेजात काय शिकवलं गं? हे भांडण आहे की अर्ज?

आणि आत्या, काठी टेकत, डॉक्टरने नको सांगितलेलं असताना, उठून उभी राहिली. माझ्या पोरीला काही बोलायचं काम नाही, म्हणाली, नऊ दिवस भांडून शिकवलीय मी तिला, तू तुझ्या कोणाला एक दिवस तरी भांडून शिकवलंस का? मग सुरू झालं ते असं, की नाल्यापलीकडचं एक पानही हललं नाही.

मी बाजूला झाले. मुद्द्यांचा कागद खिशात ठेवला.

२७ नोव्हेंबर

दादाने त्याच्या वर्कशॉपमधून उंच स्टूल आणलं. त्यावर बसलं की आत्याचं तोंड बरोबर भिंतीवर येतं. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. आत्याने माझा करार मागितला, चार घड्या केल्या आणि पायाखाली घातला. तरी हलतं. सहा कलमं कमी पडली.

म्हणून रोज सहाला मी मागे उभी राहून स्टूल धरते. दोन्ही हातांनी. काही बोलायचं नाही असं आत्याने सांगितलं आहे.